हलगीवरचं लॅटिन

७ जानेवारी, मंगळवार

रेघ मारताना पेन्सिलीनं पान फाटलं. पान ४१. ओळ अशी: 'मेलेल्या भाषेचं सुख हे की ती आता कुणालाही दुखवत नाही.' समासात लिहिलं, 'कुणी सांगितलं?' मग तेही खोडलं. समासात भांडायचं नाही असं ठरवून वाचायला बसले होते.

गोंदीकरांचं पुस्तक. 'लॅटिनची ओढ'. एकवीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये, ते इंग्रजीचे, मी मराठीची. निवृत्तीनंतर ते लॅटिन शिकले, लोक बागकाम शिकतात तसं. प्रकाशन २ फेब्रुवारीला. मी बोलायचं आहे. फोनवर म्हणाले, "मार्थाबाई, तुमच्याशिवाय कोण? तुम्ही तर त्या भाषेच्या माहेरच्या."

हसले. मीही हसले. नको होतं हसायला.

८ जाने., बुधवार

पान ६८. संगमरवर चार वेळा. कोरीव, शांत, निर्मळ. लॅटिन वाचताना त्यांना 'स्वच्छ दुपारी रिकाम्या मंदिरात बसल्यासारखं' वाटतं. कुठलं मंदिर, तिथं कोणाला बसू देतात, हे त्यांना लिहावंसं वाटलेलं नाही.

आमचं लॅटिन खळ्यावरचं. फ्रेंच फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे. उरलेले दिवस दादा. माझे वडील. चर्चचे मास्तर, म्हणजे मुलांना देवाचे धडे, रविवारची प्रार्थना, मयताला गाणं, सगळं त्यांच्याकडं. शिक्षण चौथी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सबंध पाठ, लॅटिनमधली, एका शब्दाचा अर्थ न कळता.

गों. च्या आजोबांच्या ओसरीवर संस्कृत होतं. आमच्या माणसांना त्या ओसरीखाली उभं राहून ते ऐकायचीही सोय नव्हती. मग एक परका माणूस आला, दुसरी न कळणारी भाषा घेऊन. म्हणाला, ही तुमची. फक्त अर्थ विचारू नका.

पुस्तकात ओसरी नाही. घोडाही नाही.

११ जाने., शनिवार

सकाळी नळाला पाणी. भांडी, टाक्या, बादल्या. दहापर्यंत तेच.

मग पान ११२.

दोनदा वाचलं. 'मराठवाड्यातील एका खेड्यात घडलेला हा गमतीदार प्रसंग.' गाव ख्रिस्ती. लग्न लावून फादर पुढच्या गावाला निघून गेलेले. संध्याकाळी वरात. वराती म्हणतात, मास्तर, काहीतरी झकास होऊन जाऊ द्या. आणि मास्तर नवरा-नवरीसमोर मयताचं लॅटिन गाणं म्हणतो. हलगीच्या ठेक्यावर. सगळं गाव नाचतं. 'अर्थाचं ओझं नसलेल्या नादाची याहून निरागस मोहिनी कोणती!'

उद्गारचिन्ह त्यांचं.

मास्तर म्हणजे दादा. नवरी सारूआत्या, दादांची धाकटी बहीण. नवरा सात महिन्यांनी विहिरीच्या कामावर दरडीखाली गेला. ते पुस्तकात नाही. कारण ते मी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता, आवाज काढून, हलगीसारखी बोटं टेबलावर वाजवून. सगळे पोट धरून हसले होते. मला तेव्हा आवडलं होतं ते हसणं.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. शेजारच्या वहिनी तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोलायचा दिवस, म्हणून गों. ना फोन केला.

"पान ११२."

"वाचलंत? कसं जमलंय?"

"ती गोष्ट माझ्या घरातली आहे."

"अहो, तुम्हीच तर सांगितलीत. आणि नाव कुठं घातलंय मी?"

"विचारायचं होतं."

"मार्थाबाई, त्यात प्रेमच आहे हो."

फोन ठेवला. भाषणाच्या टिपणात पहिलं वाक्य लिहिलं: हे पुस्तक प्रेमानं लिहिलेलं आहे, आणि तोच त्याचा दोष.

चांगलं वाक्य आहे. कापेल.

१७ जाने., शुक्रवार

याकूबचा फोन, गावाहून. माझा भाऊ. सारूआत्या त्याच्याकडं असते, चौऱ्याऐंशीची आहे.

"अक्का, आत्या जेवत नाय. चार दिस झाले, नुसतं पाणी अन् चहा."

"डॉक्टर?"

"वैजापूरला नेली. त्यो म्हणला, वय झालंय, घरी न्या, मागतील ते द्या. आता मागती काय ठाव हाय का? म्हणती, मारथाला बोलव. मोठं गाणं म्हणून जा म्हणावं."

मोठं गाणं. तेच, मयताचं. गावात त्याला दुसरं नावच नव्हतं. कडवी पुष्कळ म्हणून मोठं.

म्हटलं, तुमच्या फादरना सांग की. याकूब म्हणाला, "नवा पोरगेला हाय. त्यानं मराठी भजन म्हणलं पेटी घेऊन. आत्या म्हणली, बाळा, तुजं झालं असंल तर पंखा लाव."

मी चर्चला गेले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. हे याकूबला माहीत आहे. तरी विचारतो, येती का.

१९ जाने., रविवार

सकाळी साडेसातची एसटी. गंगापूरच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊसतोड. फाट्यावरून जीप.

आत्या पडवीत, बाजेवर. हात लाकडासारखे, डोळे स्वच्छ. बघून म्हणाली, "आली का मास्तरीणबाई. लई लवकर आलीस. अजून जित्ती हाय मी."

याकूबची बायको चहा घेऊन आली. आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "तिला दे. लांबून आलीया, शाणपण वाहून दमली असंल."

म्हटलं, आत्या, ते गाणं मयताला म्हणतात.

"मग? मेल्यावर म्हणशील तर मला काय ऐकू येणार? पेटीच्या आत आवाज जात नाय. आता म्हण."

मी म्हणाले, तुझ्या लग्नात जे झालं त्यानंतर ते तू मागतेस याचंच आश्चर्य वाटतं.

"काय झालं माज्या लग्नात?"

"मयताचं गाणं म्हटलं. कुणाला माहीत नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग याकूबला म्हणाली, "हिला पगार देत होते व्हय रं?" आणि मला, "मारथे, गावात कोणी मेलं की कबरस्तानात दादा तेच म्हणायचा. त्याच्या शेजारी उभं राहून तू म्हणायचीस. मयताचं हाय हे शेंबड्या पोराला ठाव होतं. लगनात मीच म्हणलं, दादा, मोठं म्हण. का, तर सगळ्यात भारी तेच होतं. दुसऱ्या गाण्यांत काय दम नव्हता. माझा नवरा हसत होता. लई हसत होता. हलगीवाला थांबंना."

पन्नास वर्षं मी ही गोष्ट अडाणीपणाची म्हणून सांगितली. त्यांना ठाऊक होतं. अर्थातच ठाऊक होतं.

"सात महिन्यांनी त्याला पुरला तवा दादानं परत तेच म्हणलं," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. ओळखीच्या गाण्यावर गेला माणूस."

मग डोळे मिटून घेतले. मी उठले तेव्हा, न उघडता: "अर्थ तू आणलास घरात. त्याच्या आधी नुसतं गाणं होतं. त्या दिसापासनं दादा गप झाला."

गाणं म्हटलं नाही. तीनची गाडी पकडली.

२० जाने., सोमवार

तो दिवस. लिहून ठेवते, एकदाच.

मी बावीसची. एम. ए. चं पहिलं वर्ष, वसतिगृह. ग्रंथालयात एक लॅटिन प्राथमिक पुस्तक आणि एक शब्दकोश सापडला. मोठं गाणं आठवेल तसं कागदावर काढून अर्थ लावायला बसले. चार कडवी. आठवडा लागला. मग सुट्टीत घरी.

सगळे जेवत होते. दादा, आई, आत्या, याकूब. मी कागद काढून वाचला. राख आहे त्यात, आग आहे, न्यायाधीश येणार आहे, सगळ्यांना कापरं भरणार आहे. तुम्ही प्रत्येक कबरीवर उभं राहून लोकांना हे सांगत होतात, असं म्हणाले. आत्याच्या वरातीतही. मला वाटलं मी कुणाची तरी लबाडी उघडी करते आहे. फ्रेंच फादरची असेल.

दादांनी विचारलं, "समद्या कडव्यांत हेच हाय?"

मी म्हटलं, हो.

"मला वाटायचं मी माणसं पोचवतोय," दादा म्हणाले. भाकरी ताटात ठेवली. हात धुतला.

मराठी मिस्सा तोवर आली होती. पण मयताला लोक दादांकडूनच मोठं गाणं मागायचे. त्यानंतर कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, घसा बसलाय. बारा वर्षं घसा बसला होता. त्यांच्या स्वतःच्या मातीला शाळेतल्या मुलांनी मराठी भजन म्हटलं.

२४ जाने., शुक्रवार

पुस्तक पुन्हा उघडलं. द्वेषानं वाचते आहे, हे कबूल. गों. चा प्रत्येक 'नितळ' मोजते आहे.

शेवटी परिशिष्ट. निवडक पाठ, समोर मराठी अर्थ. पान २०३ वर मोठं गाणं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पहिली चार कडवी वाचली. भाषांतर बरं आहे, माझ्यापेक्षा बरं. पाचवं, सहावं. मग पुढं.

पुढं भीती नाही. पुढच्या कडव्यांत मागणं आहे. आठवण ठेव, हात धर, जागा दे, विसावा दे. आग शेवटपर्यंत राहते, पण बोलणारा आता उभा राहून धमकी देत नाही. गुडघ्यावर येऊन बोलतो. एकटा. आपल्या माणसाशी बोलावं तसं.

मी चार कडव्यांचा अर्थ लावला होता. आणि म्हटलं होतं, हो.

नंतर कधी पाहिलं नाही. नोकरीची सगळी वर्षं मुलांना शिकवलं, कविता शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

दादा बरोबर होते. पोचवत होते.

पुस्तक कपाटावर ठेवलं, पाठ वर करून.

२८ जाने., मंगळवार

याकूब: "अक्का, काल दोन घास भात खाल्ला. म्हणली, मारथा येईपोत्तर टिकायला पायजे. तू येतीस नव्हं?"

प्रकाशन झालं की येते, म्हटलं.

"आत्या म्हणती, तवर मी वाट बगते, पण लेकीला म्हणावं ही काय एसटी नाय, टाइमटेबल नसतंय."

भाषण सहा पानं झालं. उत्तम झालंय. ओसरी, घोडा, संगमरवर, सगळं. संध्याकाळी मोठ्यानं वाचून पाहिलं. प्रत्येक वाक्य गों. ना लागतं. आणि एकही वाक्य पान ११२ पर्यंत पोचत नाही, कारण तिथं पोचलं की ते मलाच लागतं.

न्हाणीघरात मोठ्या गाण्याचं पहिलं कडवं म्हणून पाहिलं. आवाज फाटला. शब्द आले. सगळे, आपोआप, दादांच्या श्वासाच्या जागांसकट.

गायलं म्हणून कुणावर सूड उगवला जात नाही आणि नाही गायलं म्हणूनही नाही. मग कशासाठी अडून बसले आहे?

२ फेब्रुवारी, रविवार

निराला बाजारमागचं सभागृह. साठेक माणसं, बरेचसे कॉलेजचे जुने लोक. गों. नी पान ११२ वाचून दाखवलं. चांगलं वाचतात. हलगीच्या जागी पोडियमवर बोटं वाजवली. माझीच बोटं. सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

मग मी. सहा पानं पर्समध्येच ठेवली. म्हणाले:

"ही गोष्ट सरांना मी सांगितली. तेव्हा मीही अशीच वाजवून दाखवली होती. ती चुकीची आहे. गावाला गाणं कशाचं आहे ते ठाऊक होतं. आणि ती नवरी जिवंत आहे."

बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. सूत्रसंचालकानं चहाची घोषणा केली.

अपमान करायचा होता. झाला की नाही कळलं नाही.

३ फेब्रु., सोमवार

सकाळी नऊला गों. चा फोन. मला वाटलं रागावले असतील.

"रात्रभर झोप नाही, मार्थाबाई. दुसऱ्या आवृत्तीत ते पान बदलतो. पण तुम्ही म्हणालात, त्या आहेत. आपण जाऊ या ना त्यांच्याकडे. माझ्या पुतण्याकडे चांगला रेकॉर्डर आहे. हा ठेवा आहे हो."

"नाही."

"एकदा फक्त..."

"सर, तिला गाणं ऐकायचं आहे. तिचं कुणी ऐकायचं नाही."

मग म्हणाले, "तुम्हाला सगळं आठवतं? की परिशिष्ट लागेल? त्यात कडवी पूर्ण आहेत. मी तीन प्रतींवरून ताडून घेतलीत."

या माणसाचा मला नीट द्वेषही करता येत नाही. ताडून घेतलीत.

म्हटलं, लागेल.

४ फेब्रु., मंगळवार

चार कडवी येतात. पुढं चाल येते, शब्द नाहीत. कबरीवर मी फक्त पहिली कडवी म्हणायचे; पुढं दादा एकटे. पुढची कडवी लोकांनी माती टाकता टाकता ऐकली असतील.

पुस्तक पिशवीत टाकलं. फाटलेलं पान चिकटपट्टीनं जोडलं. उगाच.

५ फेब्रु., बुधवार

दुपारी दीडला पोचले. पडवीत ऊन होतं. आत्या आणखी लहान झालेली. अंगावर नवं लुगडं, याकूबच्या बायकोनं सकाळीच नेसवलेलं. "कालपासनं मागं लागल्यात," ती म्हणाली. "म्हणत्यात, वरात हाय."

याकूब गोठ्यातून आला, पाय धुऊन पायरीवर बसला.

मला आधी सांगायचं होतं. चार कडवी, तो 'हो', पुढं काय आहे ते. तोंड उघडलं. म्हणाले, आत्या, त्या दिवशी मी दादांना जे म्हटलं ते...

"अर्थ नको सांगूस," ती म्हणाली. "एकदा सांगितलास, पुरे. म्हण."

"आत्या, हे चांगलं आहे. दादांना..."

"दादा नाय आता. मी हाय. म्हण."

म्हणजे ते मला कधीच सांगता येणार नाही. ती ऐकणार नाही आणि दादा उरलेले नाहीत.

सुरू केलं. आवाज पहिल्याच ओळीला वर गेला. आत्यानं हात हलवला. "खाली घे. दादा खालून घ्यायचा." खालून घेतलं. दुसऱ्या कडव्याला तिची बोटं बाजेच्या लाकडावर वाजायला लागली. हलगीचा ठेका, बरोबर तोच. मी स्टाफरूममध्ये वाजवायचे तो नव्हेच. मी कायम चुकीचा वाजवत आले.

याकूब मान खाली घालून होता. त्याची बायको दाराशी, हातात परात तशीच.

चौथं कडवं संपलं तेव्हा बोटं थांबली. बघितलं. श्वास चालू होता. झोपली होती. तोंड थोडं उघडं.

मी पुस्तक काढायला पिशवीत हात घातला होता. याकूब म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्का. निजू दे. लई दिसांनी लागलीया अशी."

पान २०३ वर बोट ठेवून बसून राहिले. ऊन पडवीतून गेलं. पाचवं कडवं म्हटलं नाही. झोपलेल्या माणसावर म्हणायचं की नाही ते कळेना.

६ फेब्रु., गुरुवार

सकाळी सातला आत्या उठली. चहा मागितला, वर साखर आणखी घालायला लावली. बशीतून प्यायली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "राहिलेलं म्हण."

याकूब म्हशी सोडायला गेला होता. मी चष्मा शोधला आणि पुस्तक उघडलं.